धानाबाईची खरेदी

सत्यवतीच्या भट्टीवरच्या कढईतली वाळू तापली की आंधळगावच्या त्या आळीला गजराची गरज नसायची. आधी धानाच्या भुशाचा कडवट धूर कौलांवरून सरकत यायचा आणि मागोमाग वाळूत तांदूळ पडल्याची तडतड. एका हाताने काड्यांचा झाडू वाळूत फिरवायचा, दुसऱ्या हाताने मीठ लावलेला, उकडून वाळवलेला उसना तांदूळ सोडायचा, आणि तो फुलला न फुलला तोच चाळणीत ओढायचा. जरा उशीर झाला की मुर्रा, म्हणजे चुरमुरा, करपला, जरा घाई केली की दाताखाली कचकच. इतकी वर्षं आच खाऊन सत्यवतीच्या उजव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, लव म्हणून उरली नव्हती.

तिची पोरगी रक्षा अकरावीत होती. सकाळी गणवेश चढवून, धूर जाऊ नये म्हणून नाकावर ओढणी बांधून ती मुर्रा पिशव्यांत भरायची. पिशव्या पोत्यांत, पोती सायकलच्या दोन्ही बाजूंना, आणि मधे रक्षा. मागून पाहिलं तर सायकल दिसायचीच नाही. दोन फुगलेली पोती वेणी उडवत चालली आहेत असं वाटायचं.

पहिला मुक्काम तलावाच्या पारीच्या बांधाखाली, चंद्रकुमारच्या किराणा दुकानात. गावात दुकानं आणखी होती, पण सत्यवतीचा निम्म्याहून जास्त मुर्रा एकटा चंद्रकुमार घ्यायचा. त्याने घेतला म्हणून भट्टी पेटायची.

दिवाळी होऊन गेली होती. धान कापणीला आला होता आणि गावोगावच्या मंडईच्या जत्रा सुरू व्हायच्या होत्या. मंडई आली म्हणजे लेकी-जावई येतात, दंडारीचा नाच होतो, नाटकाचा मांडव पडतो आणि घरोघरी टोपलं भरून मुर्ऱ्याचा चिवडा लागतो. भट्टीवाल्यांचं वर्ष या दिवसांवर उभं असतं. म्हणून त्या सकाळी रक्षाने पोती जरा जास्तच ठासून भरली होती.

दुकानासमोर उतरली आणि तिचा पाय स्टँडवरच राहिला. दुकानाच्या तोंडाशी, जिथे खिळ्याला मुर्ऱ्याच्या पिशव्या लटकायच्या, तिथे एक नवं कोरं लोखंडी रॅक उभं होतं. चिप्स, कुरकुरे, बिस्किटं, सगळे पुडे फुगून बसलेले. आणि मुर्रा खाली जमिनीवर, फिनाईल आणि खराट्यांच्या शेजारी.

"पोते उतरवू नको," चंद्रकुमार म्हणाला. त्याने वर पाहिलं नाही. गल्ल्याशेजारी दोरीने टांगलेला एक मोबाइल तो पुसत होता.

"काहून काका?"

"आता तुले कसं सांगू. कंपनीचा पोरगा आला होता नागपूरहून, अमर नावाचा. रॅक देल्ला, हे मोबाइल देल्ला. माल विकला का याच्या पुढे धराचा, टुन्न वाजते. कोनता माल चालते अन् कोनता पडून राहते, संध्याकाळी सारं दाखवते. हे पाय."

त्याने मोबाइल तिच्याकडे वळवला. वर बिस्किटं, हिरवी पट्टी. चिप्स, हिरवी. शेव, पिवळी. यादी बोटाने वर सरकवत सरकवत अगदी तळाशी गेल्यावर 'मुर्रा, गावचा' असं लिहिलेलं, आणि त्यावर लाल पट्टी.

"मी काई मनानं बोलून राहिलो का? मशीन बोलून राहिली. लाल माल दुकानातून काढा म्हनते. मंडईच्या आधी अमर येऊन पायते. लाल दिसला त रॅक परत नेते."

"पन काका, मागच्या खेपेचे पोते रिकामे झाले ना. तो मुर्रा कुठी गेला?"

"गेला असन कुठीतरी. घरात खाल्ला, पोट्ट्यांनी नेला. विकला असता त वाजला नसता का?"

भरलेली पोती घेऊन रक्षा परत फिरली. जाताना हलका वाटलेला मुर्रा येताना कसा जड झाला कोण जाणे. पारीवर ऊन खात बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकाने विडी काढली तोंडातून. "काय वं पोरी, आज मुर्ऱ्याले फिरायले नेलं होतं का?" बाकीचे खोकत खोकत हसले. रक्षाने पायडल असं हाणलं की चेनच उतरली. मग तिथेच, त्यांच्यासमोर, काळे हात करून चेन बसवावी लागली.

---

दुपारी बाप घरी जेवायला आला. ताराचंद राइस मिलमध्ये हमाल होता. खांद्यावर कोंड्याची धूळ, पापण्यांवर धूळ, हसला की दात तेवढे स्वच्छ. त्या दिवशी तो हसला नाही. भाताचा घास कालवत म्हणाला, "कोंढा गावचा चिंधू कढई मागून राहिला. त्याले मोठी भट्टी लावाची आहे. मंडई झाली का देऊन टाकू. तू माह्यासंगं मिलमध्ये ये झाडलोटीले. सावलीत काम आहे."

"कढई माह्या मायची आहे," सत्यवती म्हणाली.

"मायची आहे म्हनून काय तिच्यात मासोळ्या पोसतेस?"

सत्यवती उठून भट्टीपाशी गेली, भुशाची मूठ आगीत टाकली आणि वाळूत तांदूळ सोडला. झाडू हातात होता, पण फिरला नाही. तांदूळ फुलला, पिवळा झाला, तांबडा झाला, आणि अंगणभर जळका वास पसरला. रक्षा उंबरठ्यावर उभी होती. मायने घाणा करपू दिलेला तिने जन्मात पाहिला नव्हता. सत्यवतीने तो काळा मुर्रा चाळून निगुतीने कोंबड्यांपुढे टाकला आणि वाळू पुन्हा सारखी केली.

"बाबा," रक्षा म्हणाली, "मंडईपर्यंत चिंधूले हो म्हनू नोका."

"अन् मंडईपर्यंत तू काय करशीन?"

"पायतो काई."

काय पाहणार, हे तिलाही माहीत नव्हतं. पण ताराचंदने भाताचं ताट पुसून घेतलं आणि म्हणाला, "पाय बापा. तुले त मोबाइलमधलं समजते." ते टोमण्यासारखं नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं.

---

रक्षाची मैत्रीण तृप्ती. दोघी एका बाकावर बसायच्या आणि एका डब्यात खायच्या. तृप्तीने सगळं ऐकलं आणि लोणच्याची फोड चोखत निकाल दिला.

"साधी गोष्ट आहे वं. बिस्किटाच्या पुड्यावर कोड आहे. पुडा समोर धरला का वाजते. तुह्या मुर्ऱ्याच्या पिशवीवर काय आहे? गाठ. मुर्रा विकला त काकाले नाव शोधून बोटानं दाबा लागत असन. कोन दाबते?"

रक्षाने तिला तिथल्या तिथे मिठी मारली. लोणच्याचं तेल गणवेशाला लागलं, पण ते पुढच्या धुण्याचं दुःख.

कोड लावून मुर्रा पुन्हा ठेवू द्या म्हटल्यावर चंद्रकुमार नाही म्हणाला नाही. मोबाइलमध्ये 'नवीन माल जोडा' अशी सोय होतीच. तृप्तीच्या भावाच्या झेरॉक्सच्या दुकानात चिकटपट्ट्या छापून झाल्या आणि दोघींनी पिशवी-पिशवीवर काळे-पांढरे चौकोन डकवले. सत्यवतीने एक पिशवी उचलून उजेडात धरली. "मुर्ऱ्याले कुंकू लावलं का काय तुमी?" ती म्हणाली, पण पिशवी तिने पदराने पुसून ठेवली.

"चिकटव बाई, तुही हौस," चंद्रकुमार म्हणाला. "पन अमर आला अन् लाल निघाला, त मी काई करू शकत नाई."

मग रक्षा रोज कॉलेजला जाता-येता दुकानापाशी सायकल थांबवायची. "काका, दाखवा ना." काका दाखवायचा. लाल. दुसऱ्या दिवशी लाल. एखादी पिशवी वाजायची, की पुन्हा सामसूम. आणि गंमत अशी की पोतं मात्र खाली बसत चाललं होतं. सकाळी भरलेलं पोतं दुसऱ्या सकाळी कमरेपर्यंत यायचं.

"काका, पोतं रिकामं होऊन राहिलं."

"उंदीर शिकले असतीन," चंद्रकुमार म्हणाला. "कोड काढून खातेत."

गिऱ्हाईकं हसली. रक्षाही हसली, कारण हसली नसती तर रडली असती.

---

शनिवारी कॉलेज अर्धं सुटलं. रक्षा घरी गेलीच नाही. चंद्रकुमारच्या धानात त्या दिवशी हार्वेस्टर लागला होता, म्हणून तो शेतावर होता. कापणीच्या दिवसांत दुपारचं दुकान त्याची बायको कामिनी सांभाळायची. अंगाने भरलेली, गुडघ्यांनी दुखावलेली, तोंडाने मोकळी. रक्षाला पाहून तिने तेलाचा रिकामा पिपा पायाने पुढे सरकवला. "बस. माल मोजायले मदत कर, फुकटची बसू नोको."

ऊन पारीवरून उतरायला लागलं तशी बांधावरून माणसं दिसायला लागली. धान कापून झालेल्या बांध्यांमधून सरवा वेचून येणाऱ्या बाया आणि पोरं. हार्वेस्टर कडेकडेची लोंबं सोडत जातो; ती वेचायची, चोळायची, ज्याने वेचली त्याची. सगळ्यांच्या पोटऱ्या खुंटांनी ओरबाडलेल्या, घोट्यापर्यंत चिखल वाळलेला. कोणाच्या पदरात धान, कोणाच्या टोपल्यात, एका चिमुरडीने तर फ्रॉकच्या घेरातच धान आणला होता आणि वाटेत सांडू नये म्हणून ती बदकासारखी चालत होती.

कामिनीने सूप घेतलं. चिमुरडीचा धान त्यात ओतला, पाखडला, चार दाणे तळहातावर चोळून पाहिले आणि शेजारच्या डब्यात रिचवला. मग मागे वळून मुर्ऱ्याची पिशवी पोरीच्या हातात दिली. मोबाइल दोरीला लटकलेला होता तसाच लटकत राहिला.

रक्षा पिप्यावरून उठून उभी राहिली.

पुढे एक पोरगा नाणं घेऊन आला. बिस्किटाचा पुडा. टुन्न. मग एक म्हातारी, पदरात धान. मुर्रा. काही वाजलं नाही. मग दोघी बहिणी, टोपल्यात धान. दोन पिशव्या मुर्रा. शांतता. मुर्रेवालीच्या पोरीला मुर्रा विकत घ्यायची वेळ कधी आलीच नव्हती, आणि दुपारच्या या वेळी ती रोज वर्गात फळ्याकडे पाहत बसलेली असायची. गावभर जे सगळ्यांना माहीत होतं ते तिला नव्या नवलासारखं दिसत होतं.

"काकू, हे मोबाइलले काहून नाई दाखवत?"

"काय?"

"हे मुर्रा. आता देल्ला तो."

कामिनीने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने चुलीला मोबाइल का दाखवत नाही असं विचारलं होतं. "हे काय विक्री आहे का? पैसा आला त विक्री. हा त धान आला."

"अन् तो धान जाते कुठी?"

कामिनीने आधी रस्त्याकडे पाहिलं, मग आतल्या दाराचा पडदा बाजूला केला. आत कोपऱ्यात शेणाने लिंपलेली बांबूची ढोली उभी होती, माणसाच्या छातीइतकी. तोंडापर्यंत धान.

"माह्या सासूची अशीच होती," ती हळू आवाजात म्हणाली. "सरव्याचा जो धान दुकानात येते तो घरच्या बाईचा. गडीमानूस त्याले हात लावत नाई अन् विचारत बी नाई. लेकीची जचकी यातूनच निघाली. मागच्या साली गुडघ्याले भंडाऱ्याले दाखवलं ते यातूनच. तुह्या काकाले वाटते ढोलीत कोंबड्यांपुरता धान असन. वाटू दे."

आता रक्षाला सगळं कळलं आणि त्याच क्षणी तिचा आनंद अर्धा झाला. मुर्रा विकला जात होता, भरपूर जात होता. पण तो वाजवायचा म्हणजे कामिनीकाकूची ढोली मोबाइलमध्ये उघडी पाडायची.

"टुन्न केला का तुह्या काकाले समजन," कामिनीने तिच्या मनातलं ओळखलं. "मंग सुरू होईन. कामिनी, डिझेलले दे. कामिनी, खताले दे. नोको बाई. मले नोको तुहा टुन्न."

रक्षा पुन्हा पिप्यावर बसली. चपलेने जमिनीवरचे धानाचे दाणे गोळा करत राहिली. मग म्हणाली, "काकू, अमरभाऊ आला अन् मुर्रा लाल दिसला, त मुर्रा दुकानातून जाते. मायची कढई कोंढ्याले जाते."

"मले वाईट नाई वाटत असं नाई वं."

"तसं नाई काकू. मुर्रा गेल्यावर हे बाया सरवा घेऊन येतीन, तवा तुमी त्याहीले काय देनार? कंपनीचा पुडा मोजून येते, मोजून जाते. एक पुडा धानावर देल्ला का त्याच दिवशी काकाले समजते. तुमची ढोली भरन कायनं?"

कामिनीचं सूप हातातच थांबलं. बाहेर एक बाई "वो वयनी, मुर्रा द्या ना" म्हणून ताटकळत होती. कामिनीने तिच्या पदराकडे पाहिलं, रॅककडे पाहिलं, मग जमिनीवरच्या मुर्ऱ्याच्या पोत्याकडे.

"कुठी दाबाचं ते दाखव," ती म्हणाली.

रक्षाने मोबाइल दोरीवरून काढला. पिशवी समोर धरली. टुन्न. पडद्यावर विचारणा आली, पैसे कसे मिळाले? रोख, ऑनलाइन, इतर. रक्षाने 'इतर' दाबलं. मग आणखी एक चौकट. गिऱ्हाइकाचं नाव.

"कोनाचं नाव टाकू काकू?"

"माहं टाकशीन त हात तोडीन."

"मंग येनाऱ्या सगळ्याहीचं?"

"अन् एवढी गावकी कोन लिहीत बसन?" कामिनीने सुपातल्या धानाकडे पाहिलं. तिच्या गालाला खळी पडली. "धानाबाई लिही."

तर अशी आंधळगावात धानाबाई जन्माला आली. दुपार उतरायच्या आत तिने इतका मुर्रा नेला की पोतं उलटं करून झटकावं लागलं. कामिनीला टुन्नची अशी गोडी लागली की दोनदा तर तिने स्वतःच्या बांगड्यांपुढे मोबाइल धरून पाहिला.

संध्याकाळी रक्षाने घरी येऊन मायला सगळं सांगितलं, दम न घेता, पाणी न पिता. सत्यवती ऐकत राहिली.

"मंग यात नवीन काय आहे?" ती म्हणाली. "आमी बी धानावरच खात होतो. मले वाटलं त्या मशीनले माहीत असन."

---

पुढचे दिवस रक्षा कॉलेजला गेली, पण तिचा जीव दुकानात होता. इतिहासाच्या तासाला तिला फळ्यावर पट्ट्या दिसायच्या. लाल पट्टी पिवळी झाली. पिवळी हिरवी झाली. एक दिवस मुर्रा शेवेच्या वर गेला, तर दुसऱ्या दिवशी चिप्सच्या खालोखाल. चंद्रकुमार संध्याकाळी शेतावरून चिखलाचे पाय घेऊन यायचा, यादी पाहायचा आणि डोकं खाजवायचा. "चिकटपट्टीनं चमत्कार केला वं तुह्या." गल्ल्यात रोख जेवढी यायची तेवढीच येत होती, तरी त्याला शंका आली नाही. रंग बघायचा, नावं बघायची नाहीत, असा त्याचा वाचनाचा प्रकार.

मंडईच्या आदल्या दुपारी अमर आला. मोटारसायकल, पाठीवर बॅग, अंगात कंपनीचा शर्ट, पण हसणं गावचं. कापणी आटोपली होती, त्यामुळे चंद्रकुमार दुकानातच होता. रक्षाही होती, तिने कॉलेजला पोट दुखतं म्हणून सांगितलं होतं.

अमरने आपल्या मोबाइलवर दुकानाची यादी उघडली. भुवया वर गेल्या. "काका, मुर्रा तर सगळ्यांच्या वर गेला. बिस्किटाच्याही." त्याने बोटाने आणखी खाली पाहिलं. "पण हे काय? सगळा मुर्रा एकच बाई घेऊन राहिली. धानाबाई. रोज घेते. दिवसभर घेते. ही कोण?"

"धानाबाई?" चंद्रकुमारने मोबाइल हातात घेतला. दोनदा वाचलं. "आंधळगावात धानाबाई नावाची बाईच नाई. माह्या आजाच्या काळात बी नव्हती." मग त्याने सावकाश मान वळवली आणि रक्षाकडे पाहिलं. दुकानात चार माणसं होती, तीही वळली. "पोरी, तू खोटं भरलं का याच्यात?"

रक्षाला खरं एका वाक्यात सांगता आलं असतं. त्या एका वाक्याने भट्टी वाचली असती आणि पडद्यामागची ढोली उघडी पडली असती. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"खोटं नाई काका," ती एवढंच म्हणाली.

"मंग दाखव कुठी राहते तुही धानाबाई."

"हे पोरगी नाई दाखवनार," पडदा सारून कामिनी म्हणाली. तिच्या हातात सूप होतं. गुडघ्यावर हात ठेवत ती पायरी उतरली आणि दुकानाच्या मधोमध उभी राहिली. "तोंड शिवून बसन, पन नाई दाखवनार. मी दाखवतो. तुमी थांबा जरा. तिच्या यायचा वखत झालाच आहे."

पारीच्या पलीकडून सरवेवाल्या येत होत्या. पुढे ती फ्रॉकवाली चिमुरडी, मागे बाया, त्यांच्या मागे आणखी बाया. कामिनीने सूप पुढे केलं. धान ओतला, पाखडला, डब्यात. मुर्रा उचलला, मोबाइल धरला. टुन्न. पुढची. टुन्न. धुळीने माखलेल्या बोटाने ती 'इतर' दाबत होती, आणि नाव येताच मोठ्याने वाचत होती, "धानाबाई. घे वं धानाबाई. पाय सांभाळ धानाबाई." बायांना काही कळेना, पण त्या हसायला लागल्या. म्हातारी म्हणाली, "माहं नाव त सीताबाई आहे बापा." कामिनी म्हणाली, "आज धानाबाई हो, उद्या पुन्हा सीता."

चंद्रकुमार पडद्यामागे गेला होता. बाहेर आला तेव्हा तोंड उघडंच होतं.

"एवढा?"

"एवढा."

"मले काहून नाई सांगतलं?"

"तुमी कदी विचारलं? तुमच्या मायनं बी सांगतलं नव्हतं तुमच्या बाबाले." कामिनीने सूप काखेत धरलं. "अन् आइका. मोबाइलमध्ये आला म्हनून तो दुकानाचा होत नाई. धान माहा आहे. मुर्ऱ्याचं जे काय होते ते मी आजपासून या धानातून सत्यवतीवयनीले देईन. पन ढोलीले हात लावाल त याद राखा."

दुकानातली माणसं आता कुठे बघावं ते न सुचून रॅककडे बघत होती. अमर मात्र हसत होता, अगदी डोळे पुसत. "काकू, मी इकडच्याच नाकाडोंगरीचा आहे," तो म्हणाला. "आमची माय मोहफुलं देऊन मीठ आणायची. अन् मीच तुम्हाला रोख आणि ऑनलाइन शिकवून गेलो." त्याने मोबाइलवर काहीतरी बराच वेळ टाइप केलं. "वर कळवतो. 'इतर'च्या जागी धानाचं बटण पाहिजे. आणि काका, समोरची वरची फळी मुर्ऱ्याची."

चंद्रकुमारने चिप्सचे पुडे एकेक करून खालच्या फळीवर ठेवले. मग खाली वाकून फिनाईलशेजारचं मुर्ऱ्याचं पोतं उचललं, आणि पिशव्या वर लावायला लागला. एक तिरपी झाली तर ती सरळ केली. रक्षा सायकलवर बसली आणि पारीवरून अशी निघाली की म्हातारे पाय आखडून बसले.

संध्याकाळी खालच्या टोलीच्या वस्तीवरच्या दुकानदारीण रुखमिणीबाईंचा फोन आला. "पोरी, आमच्या दुकानात बी धानाबाई येते म्हना. तिचा मुर्रा कवा पाठवते?" त्यानंतर बसस्टँडजवळच्या हेमराजचा. मग ताराचंदच्या फोनवर चिंधूचा. ताराचंदने सगळ्यांसमोर फोन कानाला लावला, खाकरला आणि म्हणाला, "कढई तापली आहे गा. आता हात लावशीन त भाजशीन." आणि पापण्यांवरच्या धुळीसकट हसला.

---

मंडईच्या सकाळी भट्टी अंधारातच पेटली. अंगणात पोत्यांची रांग, पोत्यांवर तृप्ती चिकटपट्ट्या डकवत बसलेली, ताराचंद मिलमधून भुशाचे भारे आणून टाकत होता. रस्त्यावरून पाहुण्यांच्या मोटारसायकली जात होत्या, दंडारीवाले ढोलकी तापवत होते. उजाडून थोडा वेळ झाला आणि धुरातून कोणीतरी खोकत आत आलं.

चंद्रकुमार. धुतलेला शर्ट, कपाळाला गंध, हातात रिकामं पोतं.

"वयनी, संपला."

"काय?" सत्यवतीने मान वर केली नाही. झाडू वाळूत फिरत होता.

"मुर्रा. सकाळपासून रांग लागली आहे. सरवेवाल्या आहेत, पाहुने बी आहेत, रोखवाले. फळी रिकामी दिसून राहिली. दोन पोते तरी द्या."

"मोबाइलले विचारलं का?"

चंद्रकुमारने मान खाली घातली. तृप्तीने ओढणी तोंडात कोंबली. रक्षा पिशवीला गाठ मारता मारता थांबली. मायला असं बोलताना तिने कधी ऐकलं नव्हतं.

"हे रुखमिणीबाईचे," सत्यवती भरलेल्या पोत्यांकडे झाडूने दाखवत म्हणाली. "ते हेमराजचे. तुमचे आता फुटतीन. घाई केली त कच्चा राहीन."

"मी थांबतो."

"थांबाले जागा कुठी आहे इथी?" सत्यवतीने वाळूत तांदूळ सोडला. तडतड उठली, पांढरा मुर्रा कढईभर उसळला. तिने आपल्या गुळगुळीत हाताने मोठी चाळणी उचलली आणि चंद्रकुमारच्या पुढे केली. "उभे काहून आहा? धरा. दोन्ही हातानं. मंग हालवा."

गावातल्या सगळ्यात मोठ्या दुकानाच्या मालकाने रिकामं पोतं खांद्यावर टाकलं, डोळ्यांतलं पाणी बाहीला पुसलं आणि दोन्ही हातांनी चाळणी धरली.